मायापुरीचा कोबाल्ट: गॅमा डिटेक्टर कोण विकत घेतं आणि तो कुठे नसतो

२६ फेब्रुवारी २०१० रोजी दिल्ली विद्यापीठाने वापरात नसलेलं जुनं सामान लिलावात काढलं. त्यात रसायनशास्त्र विभागाचं एक बसकं, बोजड यंत्र होतं. पश्चिम दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगार बाजारातल्या व्यापाऱ्याने ते घेतलं. आकाराच्या मानाने वजन भलतंच जास्त, म्हणजे आत शिसं असणार, आणि शिशाला भाव चांगला मिळतो. मजुरांनी यंत्र कापायला घेतलं.

७ एप्रिलला दिल्लीतल्या एका खासगी रुग्णालयाने अणुऊर्जा नियामक मंडळाला, म्हणजे एईआरबीला, एका रुग्णाविषयी कळवलं. हे मंडळ मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. रुग्ण मायापुरीतला भंगार व्यावसायिक होता. त्याची कातडी काळी पडली होती, केस गळत होते. डॉक्टरांना किरणोत्सर्गाची शंका आली आणि ती खरी ठरली.

लिलाव आणि हा निरोप यांत ४० दिवस गेले. एवढ्या दिवसांत ते यंत्र विद्यापीठाच्या फाटकातून निघालं, रस्त्याने गेलं, भंगाराच्या आवारात उतरलं, कापलं गेलं, त्याचे तुकडे हातोहात फिरले. वाटेत एकाही ठिकाणी गॅमा किरण मोजणारं उपकरण नव्हतं. पहिली सूचना मिळाली ती माणसाच्या कातडीवरून.

गॅमा डिटेक्टरच्या जागतिक बाजारपेठेवर दरवर्षी जाडजूड अहवाल निघतात. कोणत्या खंडात मागणी किती वाढेल, कोणती कंपनी पुढे जाईल, याचे आलेख त्यांत असतात. मायापुरीसारखं प्रकरण त्यांत फार तर 'मागणीला चालना देणारी घटना' म्हणून येतं. मला ते उलट्या बाजूने वाचावंसं वाटतं. हे उपकरण जगात मुबलक आहे आणि त्याचा साधा नमुना महागही नाही. तरीही जिथे त्याची गरज पडली तिथे ते नव्हतं. असं का?

यंत्रात काय होतं

ते यंत्र म्हणजे गॅमासेल-२२०. कॅनडाच्या ॲटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड या सरकारी कंपनीने बनवलेलं आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस विद्यापीठात आलेलं. मधोमध कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूच्या कांड्या, भोवती शिशाचं जाड कवच आणि नमुना आत सोडण्यासाठी वरखाली होणारा कप्पा अशी त्याची रचना. एखाद्या रसायनावर गॅमा किरणांचा काय परिणाम होतो हे पाहायला असं यंत्र वापरतात. कवच शाबूत असेल तर शेजारी उभं राहून दिवसभर काम करता येतं. याच कामाचं भारतीय यंत्र, 'गॅमा चेंबर', नवी मुंबईत वाशीची ब्रिट ही संस्था बनवते. देशातल्या अनेक संशोधन संस्थांत ते आहे.

१९८५ पासून दिल्लीतलं यंत्र वापरात नव्हतं. त्यावर काम करणारे प्राध्यापक निवृत्त झाले, त्यांच्याबरोबर आठवणही गेली. खोलीत राहिलं ते एक बंद पडलेलं धूड.

कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षांचं. म्हणजे दर सव्वापाच वर्षांनी त्याची क्रियाशीलता निम्मी होते. ४० वर्षांत साडेसात अर्धायुष्यं होतात, म्हणून मूळच्या साधारण दोनशेवा भाग उरतो. हा आकडा ऐकून दिलासा वाटेल, पण वाटू नये. क्युरी हे किरणोत्सार मोजण्याचं एकक, आणि अशा यंत्रात सुरुवातीला हजारो क्युरींचा माल असतो, त्यामुळे दोनशेवा भागसुद्धा क्युरींत मोजावा लागतो. एक क्युरी कोबाल्ट-६० उघडा ठेवला तर एक मीटरवर तासाला साधारण १३ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते (सिव्हर्ट हे शरीराला मिळालेली मात्रा मोजण्याचं एकक). सामान्य नागरिकाने नैसर्गिक आणि वैद्यकीय मात्रेव्यतिरिक्त वर्षाला १ मिलिसिव्हर्टच्या वर जाऊ नये, असा दंडक आहे. एक क्युरीच्या तुकड्याजवळ पाच मिनिटं उभं राहिलं की वर्षाचा कोटा संपतो. आणि अंतर दहापट कमी झालं की मात्रा शंभरपट वाढते. हातात धरलेल्या तुकड्याचं गणित यावरून करून पाहावं.

अकरा तुकडे

कांड्यांचे अकरा तुकडे झाले होते. आठ मूळ आवारातच होते, दोन जवळच्या दुसऱ्या दुकानात गेले होते, आणि सर्वांत लहान तुकडा एका व्यापाऱ्याने पाकिटात ठेवला होता. चकाकणारा, वेगळा दिसणारा धातू, एखाद्या जाणकाराला दाखवू, भाव विचारू, म्हणून. यात मूर्खपणा नाही. धातूचा तुकडा ओळखणं हाच त्याचा धंदा. पाकीट पँटच्या मागच्या खिशात राहिलं आणि तिथल्या मांसाला खोल भाजल्याच्या जखमा झाल्या.

एईआरबी, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथकं मायापुरीत उतरली. अशा वेळी सर्व्हे मीटर, म्हणजे किरण मोजणारं छोटं उपकरण, हातात घेऊन गल्लीच्या टोकापासून आत यायचं असतं. आकडा वाढेल तिकडे जायचं, फार वाढला की माघार घ्यायची, आणि पुढचं माप लांब दांड्याला बसवलेल्या डिटेक्टरने घ्यायचं. भंगाराच्या ढिगात एक आणखी अडचण होती. वर पडलेलं लोखंड किरण अडवतं, त्यामुळे काही जागा फसव्या शांत वाटतात. एक एक वस्तू उचलून, मोजून बाजूला करावी लागते. तुकडा सापडला की लांब चिमट्याने उचलून शिशाच्या भांड्यात. एप्रिलच्या मध्यापर्यंत सगळे तुकडे हाती लागले आणि उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात सुरक्षित ठेवायला नेले.

आठ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. त्यांतला ३५ वर्षांचा एक कामगार २६ एप्रिलला गेला. किरणोत्सर्गाने अस्थिमज्जा निकामी होते, नव्या रक्तपेशी तयार होत नाहीत, जंतुसंसर्ग आवरत नाही, आणि मग एक एक अवयव थांबतो. आंतरराष्ट्रीय आण्विक घटना मापनश्रेणीवर, म्हणजे ० ते ७ च्या मोजपट्टीवर, मायापुरीची घटना चौथ्या पातळीची ठरली.

पहिले काही आठवडे संशय परदेशी भंगारावर होता. तसा संशय येण्याला कारणही होतं. २००४ साली गाझियाबादजवळच्या एका पोलाद कारखान्यात आयात भंगारातून आलेल्या तोफगोळ्यांचा स्फोट होऊन कामगार मेले होते, आणि त्यानंतर आयात भंगारासाठी जहाजात चढण्याआधीच्या तपासणीचे नियम कडक झाले होते. त्या तपासणीत किरणोत्सर्गाचं मापही आहे. न्हावा शेव्याच्या जेएनपीटीसारख्या बंदरांवर पोर्टल मॉनिटर, म्हणजे कंटेनर ज्यांच्या मधून जातो असे डिटेक्टरचे खांब, बसवण्याचा कार्यक्रमही याच काळजीतून आला. सगळ्यांचे डोळे समुद्राकडे होते.

२८ एप्रिलला पोलिसांनी सांगितलं की माल दिल्लीतूनच, विद्यापीठातून आला आहे. त्याने समुद्र ओलांडला होता तो चार दशकांपूर्वी, रीतसर कागदपत्रांसह. जिथे डिटेक्टर होते त्या वाटेने तो आलाच नाही.

एईआरबीने विद्यापीठाला कारणे दाखवा नोटीस बजावली आणि तिथल्या किरणोत्सारी स्रोतांच्या वापराला स्थगिती दिली. १९८७ च्या नियमांप्रमाणे किरणोत्सारी सामान अधिकृत परवानगीशिवाय टाकून देता येत नाही. कायदा स्पष्ट होता. लिलावाच्या यादीवर सही करणाऱ्यांपैकी कोणालाच त्या धुडात काय आहे हे माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची पद्धतही नव्हती.

डिटेक्टरने हे पकडलं असतं का?

याचं उत्तर 'हो' असं पटकन द्यावंसं वाटतं. पण नीट पाहिलं तर ते दोन भागांत द्यावं लागतं, आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे.

यंत्र कापल्यानंतरचं बोलायचं तर, अगदी साध्यातल्या साध्या उपकरणानेही पकडलं असतं. नैसर्गिक पार्श्वभूमी, म्हणजे सगळीकडे असतोच तेवढा किरणोत्सर्ग, तासाला साधारण ०.१ मायक्रोसिव्हर्ट (मिलिसिव्हर्टचा हजारावा भाग) असते. एक क्युरी कोबाल्टपासून दहा मीटरवर तासाला १३० मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे पार्श्वभूमीच्या हजारपटींहून जास्त. त्यासाठी लाखो रुपयांचं यंत्र लागत नाही. हान्स गायगर आणि वाल्टर म्युलर यांनी १९२८ मध्ये बनवलेली वायूची नळी, जी आज काही हजार रुपयांच्या मीटरमध्ये मिळते, तिनेही आवाराच्या फाटकावरच कर्कश आवाज केला असता. गायगर-म्युलर नळीला किरणाची ऊर्जा कळत नाही, पदार्थ कोणता ते सांगता येत नाही. पण 'इथून पळा' एवढंच सांगायचं असेल तर ती पुरते.

कापण्याआधीचं उत्तर वेगळं आहे. कोबाल्टचे गॅमा किरण चांगले भेदक असतात, १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे. तरी सुमारे १.२ सेंटिमीटर शिसं त्यांना निम्म्यावर आणतं. दर १.२ सेंटिमीटरला निम्मे, असं करत २४ सेंटिमीटर जाडीनंतर दहा लाखांत एक उरतो. कवच बनवलेलं असतं तेच मुळी शेजारच्या माणसाला काही जाणवू नये म्हणून. म्हणजे विद्यापीठाच्या फाटकावर पोर्टल मॉनिटर असता तरी शाबूत यंत्र त्याखालून मुकाट्याने निघून जाण्याची शक्यता होती. नीट झाकलेला स्रोत डिटेक्टरला दिसत नाही. तो दिसतो फक्त नोंदवहीत.

त्यामुळे डिटेक्टरचा खरा उपयोग यंत्र फुटल्यानंतरच्या साखळीत आहे. फेरीवाला, छोटा गाळा, मोठा व्यापारी, वजनकाटा, भट्टी. आणि ही साखळी डिटेक्टरच्या बाजाराची गिऱ्हाईक नाही.

बाजार कोणासाठी आहे

या बाजाराचं मूळ स्फटिकांत आहे. १९४८ मध्ये रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी दाखवलं की थोडं थॅलियम मिसळलेला सोडियम आयोडाइडचा स्फटिक गॅमा किरण पडताच चमकतो, आणि ती चमक किरणाच्या ऊर्जेच्या प्रमाणात असते. चमक मोजली की ऊर्जा कळते, ऊर्जा कळली की पदार्थ ओळखता येतो. आजही बहुतांश ओळखयंत्रांत हाच स्फटिक असतो. त्याचे दोष दोन. हवेतला ओलावा शोषून तो खराब होतो, म्हणून हवाबंद डब्यात ठेवावा लागतो. आणि दोन जवळजवळच्या ऊर्जा त्याला नीट वेगळ्या दाखवता येत नाहीत. लॅन्थनम ब्रोमाइड याबाबतीत दुपटीहून चांगला, पण महाग. अतिशुद्ध जर्मेनियम सगळ्यांच्या पुढे, पण त्याला द्रव नायट्रोजनच्या किंवा यांत्रिक शीतकाच्या मदतीने उणे दोनशे अंशांच्या आसपास थंड ठेवावं लागतं. कॅडमियम झिंक टेल्युराइड खोलीच्या तापमानाला चालतो, मात्र त्याचे मोठे स्फटिक वाढवणं अवघड. आणि शेवटी प्लास्टिक. प्लास्टिकच्या मोठमोठ्या लाद्या स्वस्तात बनतात, ट्रकच्या उंचीच्या खांबांत बसतात आणि झटकन इशारा देतात. फक्त पदार्थ कोणता ते जवळपास सांगत नाहीत.

कोणता माल कोण घेतं हे पाहिलं की बाजाराची रचना कळते. मोठं गिऱ्हाईक वैद्यक आहे. पेट स्कॅनच्या कड्यात हजारो छोटे स्फटिक असतात. हल अँगर यांनी १९५० च्या दशकात बनवलेल्या गॅमा कॅमेऱ्याची आजची रूपं थायरॉइडपासून हृदयापर्यंत सगळं पाहतात. खोलीच्या तापमानाला चालणारे नवे स्फटिक बनवणारी कॅनडाची रेडलेन ही कंपनी २०२१ मध्ये कॅननने विकत घेतली, ती वैद्यकीय चित्रणासाठीच. अणुवीज केंद्रं हे दुसरं पक्कं गिऱ्हाईक, तेलविहिरींत खडकांचे थर मोजणारे तिसरे. ११ सप्टेंबर २००१ नंतर सीमा आणि बंदरं हा चौथा मोठा ग्राहक झाला आणि पोर्टल मॉनिटरची मागणी एकदम वर गेली. मिरियन, थर्मो फिशर, टेक्सासची लडलम अशी कंपन्यांची नावं या क्षेत्रात सतत दिसतात. स्फटिक वाढवणाऱ्या केंद्रांत युक्रेनचं खारकीव्ह जुनं आणि मोठं, आणि तिथल्या युद्धाने हे कामही युद्धरेषेजवळ आलं. आपल्याकडे हैदराबादची ईसीआयएल ही सरकारी कंपनी १९६७ पासून अणुकार्यक्रमासाठी उपकरणं बनवते आहे. तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात सोडियम आयोडाइड, सीझियम आयोडाइडसारखे स्फटिक वाढवले जातात. कौशल्याची वाण नाही.

या ग्राहकांत एक गोष्ट सारखी आहे. प्रत्येकाकडे एकतर अंदाजपत्रक आहे, नाहीतर कायद्याची सक्ती, किंवा नुकतीच अनुभवलेली भीती. मार्च २०११ मध्ये फुकुशिमा घडलं आणि जपानात गायगर काउंटर मिळेनासे झाले. लोकांनी स्वतः मीटर जोडून गाडीवर लावले आणि 'सेफकास्ट' या नावाने रस्तोरस्तीचे नकाशे बनवले. मागणी तशी अपघाताच्या मागून येते आणि ज्यांच्याकडे पैसे आहेत तिथे थांबते. भंगारवाल्याकडे यातलं काहीच नाही. किलोमागे मिळणाऱ्या नफ्यातून उपकरण घेऊन, ते दरवर्षी प्रमाणित करून, बॅटऱ्या बदलून, फाटकावर माणूस ठेवून त्याला मिळणार काय? पोलिसांची जीप आणि आठ दिवस बंद आवार.

खोपोलीची बटणं

मायापुरीच्या दीड वर्ष आधी महाराष्ट्राने याच धड्याचा दुसरा भाग पाहिला होता. ऑक्टोबर २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडला. बटणं जोडणाऱ्या कारखान्यातल्या सुमारे वीस कामगारांना नागरिकांसाठीच्या मर्यादेपेक्षा जास्त, १ ते ३ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळाली होती. फ्रेंच नियामकाने घटना दुसऱ्या पातळीवर नोंदवली. बटणांसाठी वापरलेल्या पोलादाचा माग काढत काढत एईआरबी रायगड जिल्ह्यात खोपोलीच्या एका ओतशाळेपर्यंत पोहोचली. तिथे भंगार वितळवलं जात होतं.

धातुशास्त्र इथे निर्णायक ठरतं. कोबाल्ट लोखंडाच्या जातकुळीतला. भट्टीत पडला की तो पोलादात मिसळून एकजीव होतो, ओतलेल्या प्रत्येक वस्तूत जातो आणि तिच्याबरोबर समुद्रापार. सीझियम-१३७ हा दुसरा किरणोत्सारी पदार्थ वेगळा वागतो. उष्णतेने त्याची वाफ होते आणि तो चिमणीच्या धुळीत जातो. मे १९९८ मध्ये दक्षिण स्पेनमध्ये अल्जेसिरासजवळच्या असेरिनॉक्स कारखान्यात सीझियमचा स्रोत भंगारातून भट्टीत गेला, तेव्हा पोलाद बऱ्यापैकी स्वच्छ राहिलं पण किरणोत्सारी धूर फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंडच्या हवामापन केंद्रांत नोंदला गेला. म्हणून कोबाल्ट पकडायचा तर ओतलेला धातू मोजा, सीझियम पकडायचा तर धूळ मोजा. आणि दोन्हींच्या आधी, भट्टीत जाणारं भंगार मोजा, कारण एकदा वितळलं की छोटासा स्रोत शेकडो टन कचरा बनतो.

भट्ट्यांकडे डिटेक्टर पोहोचले ते बव्हंशी अशाच फजितीनंतर. मेक्सिकोत सिउदाद हुआरेसमध्ये डिसेंबर १९८३ मध्ये कर्करोगाच्या उपचाराचं बेवारस कोबाल्ट यंत्र भंगारात गेलं, त्यातले हजारो बारीक दाणे वितळून बांधकामाच्या सळया आणि टेबलांचे पाय झाले. जानेवारी १९८४ मध्ये त्या सळयांचा एक ट्रक अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेजवळून गेला आणि तिथला डिटेक्टर वाजला, म्हणून जगाला कळलं. तो ट्रक त्या रस्त्याला गेला नसता तर सळया घरांच्या स्लॅबमध्ये कायमच्या गाडल्या गेल्या असत्या. त्यानंतर अमेरिकेतल्या पोलाद कारखान्यांनी फाटकांवर डिटेक्टर बसवायला सुरुवात केली.

खोपोलीनंतर आपल्या निर्यातदारांनीही माल मोजून पाठवायला सुरुवात केली. कारण परदेशी ग्राहक विचारू लागला. देशातला ग्राहक विचारत नाही. जालन्याच्या सळई कारखान्यांच्या भट्ट्या भंगार आणि स्पाँज आयर्नवर चालतात, आणि तिथली सळई आपल्याच घरांत लागते. निर्यातीच्या मालाला जेवढी तपासणी, तेवढीच घरच्या मालालाही असावी, हे म्हणण्यासाठी फ्रान्समधल्या कारखान्याची वाट पाहायची गरज नसावी.

वाजला तर पुढे काय

मायापुरीनंतर पुष्कळ काही झालं. एईआरबीने विद्यापीठांकडे पडून असलेल्या जुन्या स्रोतांचा शोध सुरू केला, परवाने आणि स्रोतांच्या नोंदी पुढे 'ई-लोरा' या संगणकीय प्रणालीत आल्या. आता नवा स्रोत घेतानाच तो परत कुठे जाणार हे सांगावं लागतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मोठ्या शहरांतल्या पोलिसांना फिरती मापनयंत्रं आणि प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम आखला. यातली नोंदवहीची सुधारणा मला सर्वांत मोलाची वाटते, कारण झाकलेला स्रोत पकडायचा दुसरा मार्गच नाही.

भंगाराच्या साखळीबाबत मात्र स्पेनने असेरिनॉक्सनंतर जे केलं त्याकडे पाहायला हवं. १९९९ मध्ये तिथे सरकार, पोलाद उद्योग आणि भंगार व्यापारी यांच्यात एक करार झाला. सही करणाऱ्या कारखान्याने, आवाराने फाटकावर डिटेक्टर ठेवायचा, माणसं शिकवायची, आणि काही सापडलं तर लगेच कळवायचं. सापडलेला स्रोत एनरेसा ही किरणोत्सारी कचरा सांभाळणारी सरकारी कंपनी रीतसर ताब्यात घेते. करार ऐच्छिक आहे. तरी लोक त्यात आले, कारण सापडलेल्या वस्तूचं काय करायचं याचं उत्तर आधीच ठरलेलं होतं.

आपल्याकडे नेमकी हीच कडी कच्ची आहे असं मला वाटतं. फाटकावर मीटर वाजला तर व्यापाऱ्यासमोर दोन वाटा असतात. कळवायचं, की तो ट्रक गुपचूप परत पाठवायचा. परत पाठवला की तो दुसऱ्या आवारात जातो, जिथे मीटर नाही. म्हणजे एकाने डिटेक्टर बसवल्याने धोका टळत नाही, गरीब आवाराकडे सरकतो. हे थांबवायचं तर कळवणाऱ्याला खर्च आणि खटला यांतून सूट हवी, स्रोत घेऊन जाणारं पथक ठरावीक वेळेत यायला हवं, आणि बंद पडलेल्या दिवसांची काहीतरी भरपाई हवी.

खोट्या इशाऱ्यांचाही विचार आधीच करायला हवा. सिरॅमिक टाइल्स, ग्रॅनाइट, पोटॅश खत यांत नैसर्गिक किरणोत्सार असतो. पोटॅशमधला पोटॅशियम-४० तर १.४६ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा ठळक किरण देतो. थायरॉइडवर किरणोत्सारी आयोडिनचा उपचार घेतलेला ट्रकचालकही पुढचे काही आठवडे पोर्टल मॉनिटर वाजवू शकतो. प्लास्टिकचा खांब इशारा देईल, पण हा ग्रॅनाइट की कोबाल्ट, हे सांगायला हातातलं सोडियम आयोडाइडचं ओळखयंत्र लागतं. दिवसाला दहा खोटे इशारे देणारा मीटर महिन्याभरात बंद करून ठेवला जातो. म्हणून प्रत्येक गाळ्याला यंत्र वाटण्यापेक्षा, जिथे सगळा माल एकत्र येतो त्या मोठ्या वजनकाट्यांवर आणि भट्ट्यांच्या फाटकांवर खांब, आणि त्या भागासाठी ओळखयंत्र चालवणारा एक प्रशिक्षित माणूस, ही मांडणी मला जास्त टिकाऊ वाटते. ट्रक तसाही काट्यावर थांबतोच. त्या मिनिटभरात मोजून होतं.

गाळ्यात काम करणाऱ्या माणसासाठी डोळ्यांना दिसणारी खूण मात्र लागतेच, कारण तो कटर हातात घेतो तेव्हा वजनकाटा अजून पुढे असतो. जुनं तीन पाकळ्यांचं चिन्ह अनेकांना पंख्यासारखं वाटतं. म्हणून २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने मोठ्या स्रोतांसाठी नवं चिन्ह आणलं. लाल त्रिकोण, वरून येणाऱ्या लहरी, कवटी आणि पळणारा माणूस. ते यंत्राच्या बाहेर लावायचं नसून आतल्या कवचावर लावायचं आहे, म्हणजे जो उघडायला जाईल त्यालाच दिसेल. ही कल्पना फार चांगली आहे. पण १९६० आणि १९७० च्या दशकांत आलेल्या यंत्रांवर ते नाही, आणि आयुष्य संपून मोडीत निघण्याच्या वयाची यंत्रं तीच आहेत. अशा जुन्या यंत्रांचा आकार, वजन, वरची पाटी आणि कंपनीचं नाव दाखवणारा फोटोंचा तक्ता, मराठीत आणि हिंदीत, खाली एईआरबीला कळवण्याचा फोन क्रमांक, कुर्ल्याच्या आणि भोसरीच्या प्रत्येक भंगार गाळ्यात लावायला फारसा पैसा लागणार नाही.